चेस्टर बोल्स: निवडणूक हरलेला गव्हर्नर, दिल्लीतला राजदूत

सह्यकडा
माझे वडील १९५८ साली ग्रामसेवक म्हणून नोकरीला लागले. गेल्या वर्षी ते गेले. दिवाळीत त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली तर तळाशी प्रशिक्षणाच्या काळातल्या तीन वह्या निघाल्या. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर निळ्या शाईत लिहिलंय, 'समाज विकास योजना. आरंभ २ ऑक्टोबर १९५२. एकंदर ५५ प्रकल्प. एका प्रकल्पात सुमारे ३०० गावे, त्याचे तीन गट.' आपण आज सहज 'ब्लॉक', 'बीडीओ' म्हणतो ना, त्याचं मूळ हे.

या योजनेला सुरुवातीचा पैसा कुठून आला ते शोधत गेलो आणि एका माणसापाशी येऊन थांबलो. चेस्टर बोल्स. ५ जानेवारी १९५२ला भारत-अमेरिका तांत्रिक सहकार्याचा ५ कोटी डॉलरचा करार झाला, तेव्हा हे अमेरिकेचे दिल्लीतले राजदूत होते. अमेरिकेत योजना ठरली आणि यांनी ती इथे आणली, असं झालेलं नाही. उत्तर प्रदेशात इटावा जिल्ह्यात अल्बर्ट मेयर हा अमेरिकी वास्तुरचनाकार १९४८पासून गावपातळीवर प्रयोग करत होता. बोल्स तो पाहायला गेले, गावकऱ्यांशी बोलले, आणि करारातला मोठा वाटा याच कामाला मिळावा म्हणून हटून बसले.

हा माणूस मुळात परराष्ट्र सेवेतला नाही. कनेक्टिकट राज्याचा गव्हर्नर. १९५०च्या निवडणुकीत पडला आणि वर्षभरात राजदूत म्हणून दिल्लीत आला. तेव्हापासून डोक्यात घोळणारा प्रश्न इथे मांडतो. निवडणूक हरलेल्या राजकारण्याला राजदूत करणं बरोबर आहे का? बोल्स राजदूत म्हणून यशस्वी झाले असं म्हणायचं का? माझं मत विचाराल तर, नोकरीत बढत्या घेत वर चढलेला कुणी अधिकारी इटाव्याच्या बांधावर जाऊन बसला नसता.

पानगळ
धागा आवडला, पण मताशी असहमत. पडलेल्या उमेदवाराची सोय लावायची आणि त्याला राजदूत म्हणायचं, ही त्या देशातली जुनी खोड आहे. निवडणुकीला पैसा देणाऱ्यांनाही वकिलाती मिळतात. इतक्या मिळतात की देणगी हा नेमणुकीचा निकष असू नये असं त्यांना १९८०च्या परराष्ट्र सेवा कायद्यात लिहावं लागलं. तरीही साधारण तीस टक्के राजदूत राजकीय नेमणुकीचेच असतात. उरलेले सत्तर टक्के तीस-तीस वर्षं भाषा शिकतात, कुठल्या कुठल्या देशांत दिवस काढतात, आणि चांगली जागा आली की तिथे भलताच येऊन बसतो. माझी एक मैत्रीण एका देशाच्या परराष्ट्र सेवेत आहे, तिची तगमग मी पाहिली आहे.

बोल्स यांनाही सिनेटनं हसत हसत मान्यता दिली नव्हती. बरीच मतं विरोधात पडली होती.

नदीकाठ
पानगळ, मुद्दा रास्त आहे. पण बोल्सना सोय लावलेल्यांच्या रांगेत बसवण्याआधी ते कुठून आले ते पाहा.

जन्म १९०१, स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स. आजोबा सॅम्युएल बोल्स हे 'स्प्रिंगफील्ड रिपब्लिकन' या नावाजलेल्या वर्तमानपत्राचे संपादक. हे शिकले येल विद्यापीठात. १९२९ साली, म्हणजे शेअर बाजार कोसळला त्याच वर्षी, येलमधल्याच विल्यम बेंटन यांच्याबरोबर जाहिरात कंपनी काढली, 'बेंटन अँड बोल्स'. मंदीत धंदे बुडत होते, यांची कंपनी वाढत होती. कारण ही मंडळी घरोघर जाऊन बायकांना विचारायची की तुम्ही काय विकत घेता आणि का घेता. आज त्याला बाजार सर्वेक्षण म्हणतात. हातात भरपूर पैसा आला आणि चाळिशीतच धंदा सोडून दिला.

मग महायुद्ध. रेशनिंग आणि भावनियंत्रण बघणारं खातं रूझवेल्ट यांनी यांच्याकडे दिलं. साखर, मांस, पेट्रोल, टायर, घरभाडं, सगळ्यावर भाव बांधलेले. व्यापारी शिव्या घालायचे, ग्राहक कुरकुरायचे, आणि हा माणूस रेडिओवर येऊन कारण समजावून सांगायचा. धान्य, भाव आणि रांगेत उभा राहिलेला माणूस यांचं नातं ज्यानं असं हातानं सांभाळलं, त्याला १९५१चा भारत कळायला वेळ लागला नाही. मला तरी ही तयारी कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा मोठी वाटते.

कनेक्टिकटकर
मी गेली बावीस वर्षं हार्टफर्डजवळ राहतो म्हणून थोडी भर. १९४८ला बोल्स जेमतेम सव्वादोन हजारांच्या फरकानं गव्हर्नर झाले. मुदत दोनच वर्षांची, आणि विधिमंडळाचं एक सभागृह विरोधकांच्या ताब्यात. तरी राज्याच्या नॅशनल गार्डमधला काळा-गोरा भेद त्यांनी संपवला, घरबांधणीला जोर दिला, मनोरुग्णालयांच्या अवस्थेकडे लक्ष दिलं. घाई फार केली, असं इथले जुने लोक सांगतात. लोकांना दमवलं आणि लोकांनी घरी बसवलं.

पाडलं कुणी? जॉन डेव्हिस लॉज यांनी. हे आधी सिनेमानट होते. आणि पुढे तेही राजदूत झाले, स्पेन, अर्जेंटिना आणि स्वित्झर्लंडमध्ये.

ओवी
लॉज म्हणजे व्हिएतनामवाले ना?

कनेक्टिकटकर
नाही, ते त्यांचे थोरले भाऊ, हेन्री कॅबट लॉज. १९५२ला जॉन केनेडींनी त्यांची सिनेटची जागा घेतली. मग ते संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेचे प्रतिनिधी झाले. १९६०ला निक्सनबरोबर उपाध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि पुन्हा केनेडींकडूनच हरले. आणि १९६३ला त्याच केनेडींनी त्यांना सायगावला राजदूत म्हणून पाठवलं. पानगळ यांच्या बाजूचा पुरावा म्हणायचा की विरोधातला, ते तुम्हीच ठरवा.

ओवी
धन्यवाद कनेक्टिकटकर.

मला बोल्स आठवतात ते त्यांच्या मुलीमुळे. सिंथिया. दिल्लीत आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. भावंडं भारतीय शाळेत जायची, तीही सायकलवरून. राजदूताच्या मोटारीतून नाही. पुढे ती शांतिनिकेतनातही राहिली. तिनं या दिवसांवर पुस्तक लिहिलं, ते मला कॉलेजच्या ग्रंथालयात सापडलं होतं. कुणाच्या घरी काय जेवलो, मैत्रिणींच्या आयांनी कसं वागवलं, असं सगळं साधं साधं आहे त्यात.

आईवडिलांनीही मोठं निवासस्थान सोडून रॅटेंडन रोडवरचा लहान बंगला घेतला होता. आज त्याला अमृता शेरगिल मार्ग म्हणतात. त्या काळी अमेरिकी माणूस म्हणजे लांबलचक गाडी आणि वेगळी वसाहत. त्यात राजदूताची पोरं सायकलवर दिसली की दिल्लीकरांना काय वाटलं असेल! दहा भाषणांनी होणार नाही ते काम त्या सायकलींनी केलं, असं मी मनापासून मानते.

घाटावरचा
ओवीताई, सायकल गोड आहे, पण धाग्याचा प्रश्न यशाचा आहे.

सह्यकडा, तुमच्या वडिलांच्या पिढीबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. माझे आजोबाही त्याच खात्यात, विस्तार अधिकारी होते. समाज विकास योजना अपेक्षेएवढी चालली नाही. शेतीचं उत्पादन वाढवायचं होतं, ते हवं तसं वाढलं नाही. एका ग्रामसेवकाच्या गळ्यात दहा-दहा गावं. बियाणं त्यानंच सांगायचं, संडासाचे खड्डे त्यानंच खणून घ्यायचे, साक्षरता वर्ग त्याचे, लसटोचणी त्याची. आजोबा म्हणायचे, 'साहेब येणार म्हटलं की आम्ही दगडांना चुना मारायचो.' १९५७ साली बलवंतराय मेहता समितीनं स्पष्ट सांगितलं की लोकांचा सहभागच नाही, वरून आलेली योजना आहे. त्यातूनच पंचायत राज आलं आणि आपल्याकडे १९६२ला जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या.

खोट कुठे होती? तीन-चार वर्षांत भारताची गावं बदलतील, असं बोल्सना खरंच वाटत होतं. जाहिरातीतल्या माणसाचा उत्साह होता तो. गावातली जमीन कुणाकडे आहे, हा प्रश्न उत्साहानं सुटत नाही.

सह्यकडा
घाटावरचा, चुन्याची गोष्ट आमच्याही घरात ऐकली आहे. तुमची टीका मान्य. फक्त एक नोंद. जमीनसुधारणा झाल्याशिवाय पैसा वाया जाईल हे बोल्स स्वतः सारखं सांगत होते, आणि त्यासाठी जपानमध्ये युद्धानंतर झालेल्या जमीनवाटपाचा दाखला देत. राजदूत सांगू शकतो. कायदा आपल्या विधानसभांनी करायचा होता.

मुक्ताई
मी वयानं तुम्हा बहुतेकांपेक्षा मोठी असेन. बोल्स दुसऱ्यांदा आले १९६३ला आणि १९६९पर्यंत होते. ती वर्षं मला रेशनच्या रांगेमुळे आठवतात.

आम्ही तेव्हा सोलापुरात. १९६६ साल असेल. दुकानात पोती यायची, त्यावर हातात हात दिलेलं चित्र, मागे पट्टे आणि तारे. गहू लाल. आई तो आधी सुपात पाखडायची, मग चाळायची, मग ताटात घेऊन एकेक खडा नि काळं बी वेचायची. भाकरीची सवय असलेल्या घरात पोळी, आणि ती पोळी गार झाली की तुटता तुटायची नाही. कधी मिलो यायची, ती तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना कडा फुटायच्या, आई पाण्याचा हात लावून लावून जोडायची. रिकामं पोतं धुऊन त्याची दळणाची पिशवी शिवली होती. ती किती धुतली तरी हात पुसट होत गेले, गेले नाहीत.

आम्ही उपाशी राहिलो नाही, हे सांगायलाच हवं. पण बाबा वर्तमानपत्र वाचता वाचता गप्प व्हायचे ते का, हे मोठेपणी कळलं.

नदीकाठ
मुक्ताताई, हे लिहिलंत, फार बरं केलंत.

बाबा गप्प का व्हायचे त्याचं दिल्ली-वॉशिंग्टनमधलं उत्तर असं. १९६५ आणि १९६६, लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला, बिहारमध्ये तर हाहाकार. अध्यक्ष जॉन्सन यांनी पीएल-४८०चे, म्हणजे अमेरिकेच्या धान्यमदतीच्या कायद्याखालचे, लांब मुदतीचे करार थांबवले आणि धान्य महिन्या-महिन्याच्या हिशेबानं सोडायला सुरुवात केली. शेती धोरण बदला हा एक हेतू होताच, पण व्हिएतनामवर भारत जे बोलत होता त्याचा रागही होता. बंदरात येणारी जहाजं आणि रेशन दुकानातला साठा यांत काही आठवड्यांचंच अंतर उरलं होतं. बोल्स दिल्लीहून तारांमागून तारा पाठवत होते की असं अन्नावरून ओढून धरू नका, हा देश हे विसरणार नाही. जॉन्सन यांनी त्यांचं फारसं ऐकलं नाही. राजदूताला जे कळत होतं ते खरं होतं आणि त्याचा उपयोग होत नव्हता. बोल्स यांच्या सगळ्या कारकिर्दीचं दुखणं मला इथे दिसतं.

पाणकणीस
गाजरगवतही त्याच गव्हातून आलं. त्यालाच काँग्रेस गवत म्हणतात. आमच्या पडीक रानात आजही तेच माजलंय.

घाटावरचा
तारखा बघा. गाजरगवताची पुण्यातली नोंद १९५५ची आहे आणि पीएल-४८०चा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६चा.

पाणकणीस
पण त्याआधीही अमेरिकी गहू आला होताच की. १९५१चं गव्हाचं कर्ज, १९ कोटी डॉलरचं. त्यातून आलं असेल.

घाटावरचा
१९५१चं कर्ज बरोबर, ते लक्षात आलं नव्हतं. तसं असू शकतं. पण 'पीएल-४८०चं गवत' हे आपण जे ठामपणे म्हणतो ते तारखेत बसत नाही, एवढंच.

सह्यकडा
गवतावर वेगळा धागा काढा, मी नक्की येईन. एकदा उपटताना हाताला चट्टे उठून पंधरा दिवस खाजवत बसलो होतो.

रेडीबंदर
दुसऱ्या कारकिर्दीतली सगळ्यात थरारक रात्र कुणी कशी सांगितली नाही? ६ मार्च १९६७. स्टालिनची मुलगी स्वेतलाना दिल्लीतल्या अमेरिकी वकिलातीत स्वतःच्या पायानं चालत आली. कालाकांकरच्या ब्रजेश सिंह यांच्या अस्थी घेऊन ती डिसेंबरमध्ये भारतात आली होती. लग्नाला मॉस्कोनं परवानगी दिली नव्हती, पण ती त्यांना पतीच मानायची. तिला इथेच राहायचं होतं, आपलं सरकार रशियाला दुखवायला तयार नव्हतं. ब्रजेश सिंह यांचे पुतणे दिनेश सिंह तेव्हा आपल्याच परराष्ट्र खात्यात राज्यमंत्री. म्हणजे गुंता केवढा बघा.

बोल्स त्या दिवशी आजारी, घरी अंथरुणात. ही खरंच स्टालिनची मुलगी आहे का इथपासून सुरुवात. त्यांनी वॉशिंग्टनला कळवलं की मध्यरात्रीपर्यंत उलटा निरोप आला नाही तर तिला रोमच्या विमानात बसवतो. आणि बसवलं. तिच्याजवळ तिचा सोव्हिएत पासपोर्ट होता, ती कायद्यानं जाऊ शकत होती. सकाळी रशियन वकिलातीत शोधाशोध सुरू झाली तेव्हा ती देशाबाहेर होती. वॉशिंग्टनची वाट बघत बसणाऱ्या अधिकाऱ्याकडून हे झालं असतं, असं मला वाटत नाही. निवडून आलेल्या माणसाला आपल्या सहीनं निर्णय घ्यायची सवय असते.

पानगळ
इथे मी मान्य करते. त्या रात्री त्यांनी जे केलं ते नेमकं आणि निधड्या छातीचं होतं, आणि तिला भारतात लपवून न ठेवल्यानं आपल्या सरकारचीही अडचण टळली.

पण एक सांगा. हा माणूस इतका चांगला, तर केनेडींनी त्याला हाकललं का?

नदीकाठ
हाकललंच म्हणायला हवं. १९६०ला बोल्स केनेडींचे परराष्ट्र धोरणाचे सल्लागार होते. ते परराष्ट्रमंत्री होतील अशी चर्चा होती, मिळालं दुय्यम पद, मंत्री झाले डीन रस्क. तिथे बोल्स यांनी एक मोठं काम केलं. जगभर नेमायच्या राजदूतांची निवड करताना पैसेवाले देणगीदार बाजूला सारून जाणकार माणसं पुढे आणली. जपानला गेलेले एडविन रायशॉअर हे त्यातलेच, जपानी भाषेचे आणि इतिहासाचे अभ्यासक. पानगळ, तुमच्या मैत्रिणीच्या बाजूनं लढलेला हा राजकीय नेमणुकीचाच माणूस.

मग एप्रिल १९६१ला क्युबावरचा हल्ला, बे ऑफ पिग्ज. बोल्स यांनी आधीच रस्क यांना लेखी कळवलं होतं की हे चुकीचं आहे. हल्ला फसला आणि बोल्स विरोधात होते ही बातमी फुटली. केनेडी बंधूंना ते झोंबलं. हरल्यावर जो बरोबर निघतो त्याला घरात कुणी जवळ करत नाही. नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, खात्यात उलथापालथ झाली आणि यांची जागा जॉर्ज बॉल यांना दिली. नंतर एक सल्लागाराचं पद, आणि १९६३ला दिल्लीतले तेव्हाचे राजदूत गॅल्ब्रेथ परतल्यावर पुन्हा दिल्ली.

घाटावरचा
मग माझा मुद्दा हाच. गॅल्ब्रेथ अर्थतज्ज्ञ होते, राजकारणी नव्हते, पण केनेडींना थेट पत्र लिहायचे आणि केनेडी ती चवीनं वाचायचे. राजदूताची पत त्याच्या माहेरी ठरते. माहेरी कुणी विचारत नसेल तर सासरी कितीही गोड बोला, हाती काही लागत नाही.

सह्यकडा
हे अगदी पटलं. आणि याचं सगळ्यात चटका लावणारं उदाहरण आपल्या यशवंतरावांशी जोडलेलं आहे.

१९६२च्या पराभवानंतर कृष्ण मेनन गेले, चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे आपण शाळेपासून ऐकतो. पुढचं सहसा ऐकत नाही. भारताला पाच वर्षांसाठी भरीव लष्करी मदत द्यावी म्हणून बोल्स यांनी जिवाचं रान केलं होतं. आम्ही दिलं नाही तर रशिया देईल, हा त्यांचा साधा हिशेब. केनेडींबरोबर या विषयाची बैठक २६ नोव्हेंबर १९६३ला ठरलेली. २२ला डलासमध्ये केनेडींची हत्या. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मे १९६४मध्ये स्वतः चव्हाण बोलणी करायला अमेरिकेत गेले. तिथे असतानाच २७ मेला नेहरू गेल्याची बातमी. ते तातडीनं परतले.

पुढे करार झाला तो बेतानं झाला. पाकिस्तानला दिलेली एफ-१०४ विमानं भारताला द्यायला अमेरिका तयार नव्हती. त्याच वर्षी चव्हाण मॉस्कोला गेले आणि मिग-२१चं पक्कं करून आले. नाशिकजवळ ओझरला कारखाना उभा राहिला. बोल्स म्हणत होते ते शब्दशः खरं ठरलं, आणि ते खरं ठरण्यात त्यांची हार होती.

ओवी
सलग दोन मृत्यू, जेमतेम सहा महिन्यांच्या अंतरानं. वाचून गलबलून आलं.

तारापूरगाव
आमच्या बाजूची एक गोष्ट मात्र तडीस गेली. तारापूरचं अणुवीज केंद्र. ८ ऑगस्ट १९६३ला भारत-अमेरिका करार, जनरल इलेक्ट्रिकच्या अणुभट्ट्या, अमेरिकेचं कर्ज. १९६९ला वीज सुरू झाली, बोल्स परत गेले त्याच वर्षी. करार त्यांच्या आधीपासून शिजत होता, श्रेय मुख्यतः होमी भाभांचं. पण पुढची उभारणी झाली ती बोल्स यांच्या कारकिर्दीत. माझे काका तिथे फिटर होते. अमेरिकी इंजिनिअरांच्या बायका बोईसरच्या बाजारात भाजी घ्यायला यायच्या आणि सुक्या बोंबलाच्या ढिगापाशी आल्या की नाकाला रुमाल लावायच्या, हे ते रंगवून सांगायचे. वर्षभरानं त्यातल्याच एकीनं काकूकडून बोंबलाची चटणी शिकून घेतली.

रेडीबंदर
बोंबलाची चटणी हा दोन्ही देशांमधला सगळ्यात यशस्वी करार म्हणायला हरकत नाही.

दिल्लीत आलेल्या राजदूतांमध्ये राजकारणातून आलेले किती निघाले ते मोजत होतो. जॉन शर्मन कूपर, केंटकीचे सिनेटर. १९५४ला पडले, १९५५ला दिल्ली, १९५६ला पुन्हा निवडून सिनेटमध्ये. बोल्सच्या जागी १९६९ला आले केनेथ कीटिंग, हे रॉबर्ट केनेडींकडून हरलेले न्यूयॉर्कचे सिनेटर. १९७१ला ढाक्यातल्या कत्तलीबद्दल त्यांनी आपल्याच सरकारला खडसावून लिहिलं. स्वतः रिपब्लिकन, आणि निक्सन यांच्या धोरणाला विरोध. मग मॉयनिहन. यांचं उलटं, ते आधी राजदूत आणि नंतर चोवीस वर्षं सिनेटर. मुक्ताताईंच्या लाल गव्हाचा हिशेब यांनी मिटवला. त्या गव्हाचे पैसे आपण रुपयांत देत होतो आणि ते अमेरिकेच्या खात्यात इथेच साचत होते. फेब्रुवारी १९७४ला मॉयनिहन यांनी भारताला १,६६४ कोटी रुपयांचा एकच धनादेश परत दिला.

आणि शेवटी माझ्या गावचा माणूस. रॉबर्ट गोहीन, राजदूत १९७७ ते १९८०. जन्म वेंगुर्ला, १५ ऑगस्ट १९१९. वडील तिथल्या मिशनचे डॉक्टर. हे राजकारणी नव्हते, प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष होते. पण अमेरिकेचा राजदूत वेंगुर्ल्यात जन्मला हे मी कुठेही सांगायची संधी सोडत नाही.

कनेक्टिकटकर
एक नाव राहिलं. रिचर्ड सेलेस्ट. ऑक्सफर्डहून शिकून आलेला हा तरुण साठच्या दशकात दिल्लीत बोल्स यांचा मदतनीस होता. पुढे ओहायोचा गव्हर्नर झाला, आणि १९९७ला स्वतः राजदूत म्हणून दिल्लीत परतला. सहा महिन्यांत पोखरण. सगळे निर्बंध लागू झाले तेव्हा दारं उघडी ठेवायचं काम याच्याकडे आलं. मार्च २०००मध्ये क्लिंटन भारतात आले तेव्हाही तोच राजदूत होता. बोल्स यशस्वी होते का या प्रश्नात हेही धरा.

पानगळ
हे माहीत नव्हतं. माझं मत थोडं हललं आहे, पूर्ण नाही. बोल्स, कीटिंग, सेलेस्ट यांच्यासारखे असतील तर राजकारणी राजदूत हवेत. पण हे आपल्याला आठवतात ते वेगळे होते म्हणून. जे समारंभांना जाऊन परत गेले त्यांची नावं या धाग्यावर कुणालाच आठवली नाहीत, आणि तेही होतेच.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर बाळासाहेब खेर. मुंबई राज्याचं मुख्यमंत्रिपद सोडल्यावर १९५२ला लंडनला उच्चायुक्त म्हणून गेले. ते निवडणूक हरून गेले नव्हते, हा फरक आहेच.

नदीकाठ
सहमत, पानगळ. बोल्सबद्दल शेवटचं. दुसऱ्या मुक्कामात त्यांना पार्किन्सन झाला होता. हात थरथरायचे. तशाच स्थितीत जानेवारी १९६८मध्ये कंबोडियाचे प्रमुख सिहानूक यांच्याशी बोलायला नॉम पेन्हला जाऊन आले. १९६९ला परतले ते कनेक्टिकटमधल्या एसेक्सला, १९८६ला तिथेच गेले.

मुक्ताई
सह्यकडा, एक राहिलं. वडिलांच्या वह्यांत आणखी काय आहे? ते वाचायला आवडेल.

सह्यकडा
ताई, काल रात्री पुन्हा काढून बसलो. दुसऱ्या वहीत कंपोस्ट खड्ड्याची आकृती आहे, मापांसह, पट्टीनं आखलेली. बिनधुराच्या चुलीची तीन चित्रं. 'जपानी पद्धतीची भातशेती' म्हणून सहा पानं, त्यात दोन रोपांमधलं अंतर दाखवायला त्यांनी खरंच सुतळीचा तुकडा पानाला टाचला आहे, गाठी मारून. तो अजून तसाच आहे. तिसऱ्या वहीत गावातल्या माणसांची नावं आणि पुढे खुणा. कुणी खड्डा केला, कुणी नाही केला, कुणी 'पुढल्या वर्षी बघू' म्हणाला. एका नावापुढे लिहिलंय, 'पाच वेळा गेलो. आज हो म्हणाले.'

नावं झाकून पानांचे फोटो रविवारी टाकतो. सुतळीचा पण टाकतो.